फळ्यावरचे तीस दिवस

हिंगणदऱ्याच्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर त्या वर्षी एक फळा भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. फळा माझ्या शाळेचा होता. गावच्या आशा कार्यकर्ती अंजूताई यांनी तो चौथीच्या वर्गातून उचलून नेला तेव्हा मला, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापकाला, विचारलंसुद्धा नाही. मी कपाळाला आठ्या घालून चौकशीला गेलो, तर म्हणाल्या, “वर्ग दीड वर्ष बंद हायेत सर. फळ्याचं काय लोनचं घालायचंय?”

मी गप्प बसलो. अंजूताईंपुढे गप्प बसायची सवय मला तेव्हापासूनची. ती मी एकदाच मोडली, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

अंजूताई कडा गावाकडच्या. आठवी झाल्यावर लग्न होऊन इकडे डोंगरात आल्या. नवरा बजरंग मेंढरं वळतो. तो दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले तीन मेंढरांशी. त्यामुळे घरातलं सगळं बोलणं अंजूताईंच्या वाट्याला आलं आणि तेवढ्यानं भागेना म्हणून की काय, त्या आशा झाल्या. सकाळी आठाच्या आत एकशे तेरा घरं करायच्या. दारात न शिरता अंगणात उभं राहून तीनच प्रश्न विचारायच्या: ताप? खोकला? वास येतो का?

या तिसऱ्या प्रश्नावरून गावानं त्यांची भरपूर थट्टा केली. “वास येतो का?” म्हटलं की म्हाताऱ्या म्हणायच्या, “येतो की. तुझ्या नवऱ्याच्या मेंढरांचा.” त्याही हसायच्या आणि वहीत टिक करायच्या. बजरंग संध्याकाळी मेंढरं कोंडून घरी आला की “आधी अंगावर पाणी घे, मग चुलीपाशी ये” हे वाक्य सतरा वर्षं रोज म्हटलं जात होतं. अख्खी आळी ते ऐकून आपल्या चुली पेटवायची.

वहीत त्या सगळं लिहीत, फक्त एक शब्द लिहीत नसत. तो शब्द ‘थकवा’. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, चैत्राच्या आसपास, ऊसतोडीहून टोळ्या परत आल्या तेव्हा गावातल्या शहादेवची बायको खोकत होती. अंजूताईंनी विचारलं, तर ती म्हणाली, सहा महिने मोळ्या वाहून अंग मोडलंय, बाकी काही नाही. अंजूताईंनी वहीत लिहिलं, थकवा. नवव्या दिवशी ती बाई बीडच्या दवाखान्यात वारली. तिची मुलगी धनश्री तेव्हा सातवीत होती. त्यानंतर गावात कुणी “थकलोय” म्हटलं की अंजूताई बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन आधी काढायच्या आणि मग बोलायच्या.

श्रावणाच्या तोंडावर वरून कागद आला. ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण निघाला नाही, तिथं पालकांची संमती घेऊन आणि ग्रामपंचायतीचा ठराव करून आठवीपासूनचे वर्ग उघडता येतील. माझ्या शाळेत आठवी हाच शेवटचा वर्ग. मुलं सतरा. म्हटलं तर एवढीशी गोष्ट, पण ती ठरवायची आमच्या गावानं. आणि आमच्या गावाला बैलपोळ्याची मिरवणूक कुठल्या वेशीतून काढायची हे ठरवायला तीन बैठका लागतात.

बैठक शाळेच्या पटांगणात झाली. सगळे लांब लांब बसले होते. काहींचं म्हणणं, उघडा आता, पोरं पार रानटी झाली, पाढे विसरली. काही आयांचं म्हणणं, पोरं मोठ्यांसारखी आजारी पडत नाहीत, पण घरी येऊन म्हाताऱ्यांच्याच कुशीत झोपतात, त्याचं काय? मी मास्क वर करून कागद पुन्हा वाचून दाखवला. ऑनलाइन शिकवतोच आहे, असंही एकदा म्हणालो, तेव्हा मागून कुणीतरी खाकरलं. फोनची रेंज बिरोबाच्या देवळापाशी मिळायची आणि तिथं मुलांपेक्षा जास्त मोठी माणसं बसायची.

शेवटी ठरलं ते अंजूताईंच्या बोलण्यानं. त्या म्हणाल्या, मी रोज फळ्यावर आकडा लिहिते. शेवटचा रुग्ण होऊन किती दिवस झाले तो. पूर्ण तीस भरले की एकतिसाव्या दिवशी सरांनी घंटा वाजवायची. मधे कुणी निघाला, तर फळा पुसायचा आणि पुन्हा एकपासून.

बैठक उठल्यावर शहादेव माझ्यापाशी आला. हा माणूस बायको गेल्यापासून खाली बघूनच बोलायचा. त्याचं सांगणं समजायला कोयता म्हणजे काय ते ठाऊक हवं. आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते आणि त्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. टोळी घेऊन जाणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. ज्याला जोडीदार नाही तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुणाला नको असतो. शहादेव आता अर्धा होता. यंदा कर्नाटकातला साखर कारखाना लवकर पेटणार होता आणि टोळीचा ट्रक पितरपाटातच, दसऱ्याच्याही आधी, येणार होता. मुकादमाला पंचांग नसतं.

“धनश्रीला घिऊन जावं म्हन्तो जोडीला,” तो म्हणाला.

चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात कोयता देतोस का रे, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. तो चिडला नाही.

“शाळा असली तर पोरगी शाळंत हाय असं म्हनता येतं सर. शाळा न्हाई तर ती नुसती घरी हाय. आन् घरी बसल्याली पोर सोयऱ्यांच्या डोळ्यावर येते. आत्ताच दोन ठिकानं इचारून गेलेत. मी तिकडं, माय हितं म्हातारी. त्यापरीस माझ्यासंगं बरी.” मग म्हणाला, “ट्रकच्या आधी तुमची घंटा वाजली तर ठिवतो तिला आजीपाशी. मी गाडी भरायच्या कामाला जाईन. शब्द देतो.”

हा शब्द अंजूताईंनीही ऐकला. त्यांच्या तोंडावर मास्क होता, पण डोळे मला दिसले. त्या दिवसापासून फळ्यावरचा आकडा आमच्या दोघांपुरता धनश्रीचा आकडा झाला.

मी आणि अंजूताई संमतीपत्रं घेऊन घरोघर फिरलो. शहादेवच्या घरी त्याची आई दगडाबाई हिनं आम्हाला बसवून घेतलं, चहा पाजला, आणि अंगठा उठवताना विचारलं, “हे कागूद दिल्यावर पोरीला न्हेनार न्हाई ना त्यो?” मी मास्क हनुवटीवर घेऊन चहा पीत होतो. म्हणालो, नाही नेणार.

दिवस चढायला लागले. गावात रामराम बंद पडला आणि त्या जागी “आज कितवा?” सुरू झालं. नऊ. चौदा. एकोणीस. पोळा बिनमिरवणुकीचा झाला. माणसाला वाटेल की आकडा वाढला तशी भीती कमी झाली असेल. उलट झालं. दोनवर पुसलं असतं तर काही वाटलं नसतं, पंचविसाव्या दिवशी मात्र गावात कुणी शिंकलं तरी सगळी आळी त्याच्याकडे चोरासारखी बघायची. मिरची भाजताना बायका दारं लावून घ्यायच्या, खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. अंजूताईंची झोप उडाली होती. प्रत्येक अंगणात पाय ठेवताना त्या आधी त्या घरातल्यांचे चेहरे बघायच्या आणि मग प्रश्न विचारायच्या.

सत्ताविसाव्या दिवशी संध्याकाळी बजरंग घरी आला. दुपारी सर पडून गेली होती, मेंढरं भिजलेली, हाही भिजलेला. भिजलेल्या मेंढराचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. तो सवयीनं बाहेरच उभा राहिला, ओरडा ऐकायला. आतून काही आलं नाही. तो आत गेला, चुलीपाशी बसला. अंजूताईंनी त्याच्या हातात चहा दिला. बजरंगनं दोन घोट घेतले आणि त्या दिवसातला त्याचा चौथा शब्द खर्च केला.

“आज वास न्हाई?”

अंजूताईंच्या हातातली पकड चुलीपाशीच राहिली. त्यांनी नवऱ्याचं घोंगडं ओढून नाकाला लावलं. मग रॉकेलची बाटली उघडली, मग हिंगाची डबी. हे सगळं मला पुढे त्यांनीच सांगितलं, हसत सांगितलं, पण ते हसू मला ऐकवलं नाही. ज्या प्रश्नावर गाव दीड वर्ष हसलं, तो त्यांनी आपल्या घरात स्वतःला विचारला नव्हता. नवऱ्यानं विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचलो तेव्हा फळ्यावर सत्तावीसच होता आणि अंजूताई फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. मी जवळ जायला लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं. तिथूनच सगळं सांगितलं. ताप नाही, खोकला नाही, फक्त वास गेलाय. त्या उपकेंद्रावर तपासणीला निघाल्या होत्या आणि मला आधी सांगावं म्हणून थांबल्या होत्या.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मी बोललो.

मी म्हणालो, तुमचे दोन्ही डोस झालेत. पावसात फिरता, सर्दीनंही वास जातो. तपासणी काय, तीन दिवसांनी पण करता येईल. तीन दिवस घरात बसा, कुणाकडे जाऊ नका, फळा मी लिहितो. मग मी माझ्याकडचं शेवटचं हत्यार काढलं. म्हणालो, फळा पुसला तर पुन्हा तीस दिवस, आणि ट्रक त्याच्या आधी येतोय. धनश्रीच्या हातात कोयता जाईल. तो कोण देईल, ते तुम्ही ठरवा.

असं मी बोललो. तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस.

“सर,” अंजूताई म्हणाल्या, “तिच्या आईच्या टायमाला मी थकवा लिव्हलं. आता माझंच नाव आलं तर सर्दी लिव्हू का?”

आणि त्या उपकेंद्राच्या रस्त्याला लागल्या. मी ओट्यावर गेलो, फडक्यानं सत्तावीस पुसला आणि अठ्ठावीस लिहिला. आठ वाजून गेले होते आणि दोन बाया लांबून बघत होत्या, एवढंच त्याचं कारण. पण लिहिलं मी. अक्षरही छान आलं.

दुपारी बघतो तर फळा स्वच्छ पुसलेला आणि मधोमध एक शून्य. अंजूताई परत येऊन, हातमोजे घालून, स्वतः लिहून गेल्या होत्या.

मग गावानं त्यांना काय काय ऐकवलं ते सांगण्यात अर्थ नाही. घरोघर हिंडून हिनंच रोग वाटला, असं म्हणणारे तेच, ज्यांच्या म्हाताऱ्यांची औषधं त्या मांजरसुंब्याहून आणून द्यायच्या. त्यांच्या घरात वेगळी खोली नव्हती म्हणून ग्रामपंचायतीनं त्यांना शाळेत ठेवलं, आठवीच्या वर्गात. ज्या वर्गासाठी एवढं चाललं होतं, तो उघडला तो असा. शहादेव फळ्यापाशी येऊन गेला. शून्याकडे बघितलं आणि घरी जाऊन कोयत्यांना धार लावायला बसला. दगडावर घासल्याचा आवाज शाळेपर्यंत येत होता. खिडकीतून अंजूताईंना तो ऐकू येत होता की नाही, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

तिसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या शाईस्ता मॅडम संपर्कातल्यांच्या तपासण्या करायला आल्या. पटांगणात रांग लागली. लोक कचरत होते, म्हणून मी पुढारीपणा केला आणि पहिला जाऊन खुर्चीवर बसलो. घाबरायचं काय त्यात, असंही मोठ्यानं म्हणालो. पंधरा मिनिटांनी मॅडमनी माझ्या नावाची पट्टी उचलून दोनदा बघितली.

“सर, तुमची पॉझिटिव्ह आहे. काही त्रास?”

काही नव्हता. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. “राहता कुठं?”

हा प्रश्न साधा आहे, पण आमच्या नोकरीत तो साधा नाही. शिक्षकानं शाळेच्या गावातच राहावं असा नियम आहे. मी तसा राहतो, असा हिंगणदऱ्याच्या ग्रामसभेचा ठराव दरवर्षी होतो. त्या ठरावाप्रमाणे माझी खोली मारुतीच्या देवळामागे आहे. देवळामागे एक पडका गोठा आहे. मी अकरा वर्षं बीडहून मोटारसायकलवर अपडाऊन करतोय. गावाला ठाऊक, साहेबांना ठाऊक, फक्त कागदाला ठाऊक नाही. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर रोज चहा घेतो, दहा माणसांत बसतो. आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला आठवलं की माझ्या बायकोला आठ-दहा दिवसांपूर्वी सर्दी झाली होती. ती म्हणत होती, भाजीला चव लागत नाही. मी म्हणालो होतो, मीठ घाल.

मागे रांगेत तीस माणसं होती. “बीडला,” मी म्हणालो.

हिशेब सगळ्यांनाच आला. अंजूताई गावाबाहेर गेल्याच नव्हत्या. गेले पंधरा दिवस त्या ज्या एकाच बाहेरच्या माणसाबरोबर संमतीपत्रं घेऊन फिरल्या, तो मी. एकतिसाव्या दिवशी घंटा वाजवून त्या सतरा पोरांसमोर उभा राहिलो असतो तो मी. फळा गावाचा होता, तीन प्रश्न गावाला विचारले जात होते, आणि मी गावात राहतो असं फक्त कागदावर होतं. मला तो तिसरा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

गाडीकडे जाताना आठवीच्या खिडकीखालून जावं लागलं. अंजूताई गजाआड उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. मी मान खाली घातली. वाटलं, आता हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात, मी ऐकून घेईन.

“तुमचं घर माझ्या वहीत न्हाई सर,” त्या म्हणाल्या. “मला ठावं असून मी धरलं न्हाई. चूक माझी झाली.”

शिव्या परवडल्या असत्या.

पुढचे पंधरा दिवस मी बीडला एका खोलीत कोंडून काढले. मला काही झालं नाही. दगडाबाईला झालं. त्याच रांगेत तिचीही पट्टी पॉझिटिव्ह निघाली आणि फळा पुन्हा शून्यावर गेला. म्हातारीला ताप चढला, आणि मला चहाचा तो कप दिसायला लागला आणि माझा हनुवटीवरचा मास्क. शहादेवची आणि धनश्रीची तपासणी ठीक आली, पण म्हातारीचा ऑक्सिजन ब्याण्णववर आला. अंजूताई वर्गाच्या खिडकीतून हुकूम सोडत होत्या आणि धनश्री ते पाळत होती. दिवसातून चार वेळा आजीच्या बोटाला मशीन लाव, आकडा सांगायला ये, आजीला पालथी झोपव, पाणी पाज. शाईस्ता मॅडम दोनदा येऊन औषध देऊन गेल्या. फळाही धनश्रीच लिहायची, खिडकीतून सांगितल्याप्रमाणे. संध्याकाळी बिरोबाच्या देवळापाशी जाऊन ती मला फोन करायची. दोन आकडे सांगायची, आजीचा आणि फळ्याचा. ब्याण्णव, चार. एक्क्याण्णव, पाच. मी फोनची वाट बघत खोलीत येरझारा घालायचो आणि तो आला की घ्यायला भ्यायचो. सहाव्या दिवशी ती म्हणाली, “पंच्याण्णव, सहा. सर, आजीनं भाकर मागितली.” मी फोन ठेवून रडलो, यात लपवण्यासारखं काही नाही.

अंजूताईंनी मी सांगितल्याप्रमाणे तीन दिवस वाट बघितली असती, तर म्हातारीचा आकडा बघायला कुणी गेलंच नसतं. घरात म्हणाले असते, वय झालं, थकली.

मी गावात परतलो त्या दिवशी फळ्यावर सोळा होता. ट्रक परवा. मी थेट शहादेवच्या घरी गेलो. दगडाबाई बाजेवर उठून बसली होती. शहादेव बोचकं बांधत होता, त्यात दोन कोयते होते. एकाच्या मुठीला नवी चिंधी गुंडाळलेली, लहान हाताच्या मापाची. धनश्री कोपऱ्यात भांडी घासत होती आणि मान वर करत नव्हती. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या साखराबाई तिथं बसून बाजरी पाखडत होत्या. त्या शहादेवची चुलती. विधवा, वय पंचावन्न. खिचडीचं काम लागायच्या आधी वीस वर्षं ऊसच तोडलेला.

मी शहादेवला विनवलं. चौदा दिवसच राहिलेत म्हणालो. चूक माझी होती, पोरीची नव्हती, असंही म्हणालो. तो म्हणाला, सर, तुमचं काही चुकलं म्हणत नाही, पण मुकादमाला पूर्ण कोयता बोललोय आणि घंटा तर वाजली नाही. शब्दाला तो जागला होता.

साखराबाईंचं सूप थांबलं.

“कावून नेतो रं पोरीला?” त्यांनी विचारलं. जसं काही पहिल्यांदाच ऐकतायत.

“शाळा बंद हाय म्हनून.”

“मंग शाळा बंद हाय तर मी बी रिकामीच हाय की. मी अर्धी, तू अर्धा. मला ने.”

शहादेव म्हणाला, काकू, तुझं वय काय, गुडघे काय. साखराबाई म्हणाल्या, गुडघे खिचडी ढवळतानाही दुखतात. तो म्हणाला, लोक काय म्हणतील, चुलती-पुतण्याचा कोयता कधी ऐकलाय का? त्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

“लोक मला काय म्हनायचं ते पंचवीस वर्सं म्हनतेतच. तू पोरीच्या मुठीची चिंधी सोड आदी.”

धनश्रीच्या हातातलं ताट तसंच राहिलं होतं, त्यातून पाणी सांडत होतं. शहादेवनं बोचक्यातून तो कोयता बाहेर काढला आणि दातानं गाठ सोडायला लागला.

ट्रक आला त्या सकाळी मुकादम अजिनाथनं कुरकुर केलीच. म्हातारी रोजच्या मोळ्या उचलेल का, म्हणाला. साखराबाईंनी त्याला सांगितलं की तू शाळेत असताना तीन-तीन वाढपं खिचडी खायचास ती मीच उचलून आणत होते. माणसं हसली, अजिनाथही हसला, आणि कोयता पूर्ण धरला गेला. चढण्याआधी त्यांनी शाळेच्या स्वयंपाकखोलीची किल्ली माझ्या हातात दिली. डाळ डब्यात आहे, उंदीर बघा, आणि कढईला माती लावल्याशिवाय चुलीवर ठेवू नका, एवढं बोलून त्या वर चढल्या. अंजूताईंनी त्यांच्या बोटाला मशीन लावून आकडा बघितला, अठ्ठ्याण्णव, आणि मशीन काढून घ्यायच्या ऐवजी त्यांच्याच कनवटीला खोचलं. मला हे सगळं बघताना आनंद वगैरे झाला नाही. एका पोरीच्या जागी एक थकलेली बाई चालली होती, आणि ही अदलाबदल माझ्यामुळे झाली होती. ट्रक घाटाला लागेपर्यंत मी तिथंच उभा होतो.

त्या आठवड्यात मी देवळामागचा पडका गोठा साफ करून घेतला, वर पत्रे टाकले आणि बायकोला घेऊन राहायला आलो. बायको अजून त्यावरून बोलत असते. पहिल्या सकाळी पावणेआठला अंगणात हाक आली. अंजूताई. हातात वही.

“घर नंबर एकशे चौदा,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. “ताप?”

“नाही.”

“खोकला?”

“नाही.”

“वास येतो का?”

बजरंगची मेंढरं तेव्हा देवळापुढूनच चालली होती. “येतो,” मी म्हणालो. त्यांनी टिक केली.

साखराबाई दर एक-दोन दिवसांनी कुणाच्या तरी फोनवरून मला फोन करायच्या. बरी आहे, नाही, असलं काही सांगायच्या नाहीत. सरळ विचारायच्या, आज कितवा? मी सांगायचो, एकवीस. पंचवीस. मागे कोयत्यांचा आवाज यायचा आणि त्यांना धाप लागलेली कळायची. मी विचारलं तर म्हणायच्या, काही नाही, थकवा आहे. तो शब्द ऐकला की मी लगेच अंजूताईंना सांगायचो आणि त्या त्याच नंबरवर उलटा फोन लावून बोटाचा आकडा विचारायच्या.

तीस भरले. एकतिसाव्या दिवशी मी घंटा वाजवली. सतरा मुलं, दोन बाकांत एक, खिडक्या सताड उघड्या. धनश्री पहिल्या बाकावर. जिथून तिला हुकूम मिळायचे त्याच खिडकीच्या कडेला. अंजूताई फाटकाबाहेर उभ्या होत्या, प्रत्येकाकडे बघत, आणि मला माहीत होतं की उद्या सकाळी त्या पुन्हा प्रत्येक अंगणात आधी चेहरे बघणार आहेत. माझाही.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नंबर कर्नाटकातला.

“आज कितवा?”

“वाजली घंटा,” मी म्हणालो. “धनश्री समोरच आहे. देऊ का तिला?”

पलीकडे कोयत्यांचा आवाज चालूच होता. साखराबाई म्हणाल्या, “नगं. तास बुडंल तिचा.”